घाटावरचा मुळा, घाटाखालचा मुळा

बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा रस्ता धरून साखळीस उतरणाऱ्या वाचकांनी एकदा डोंगरांऐवजी मातीकडे पाहावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. शहराभोवती काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आढळते. पश्चिमेस खानापूर तालुक्यात शिरताच ती तांबडी होत जाते. मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी मागे पडून घाट उतरला, की पायाखाली जांभा लागतो.

या प्रवासात आपल्या सोबतीला भाजीचे ट्रक असतात. गोव्याच्या स्वयंपाकघरातील पुष्कळशी भाजी बेळगावच्या बाजारातून येते, आणि ती दारात येते म्हणून घाटाखालची कितीतरी परसवे ओस पडली आहेत. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदीने सीमेवर गाड्या अडल्या, तेव्हा गोव्यात भाजीची टंचाई भासली. ज्यांच्या विहिरीपाशी मुळ्याचे आणि तांबड्या भाजीचे वाफे होते त्यांची पानातील भाजी तेवढी चुकली नाही.

मुळा हा जमिनीचा खरा साक्षीदार होय. चिकट काळ्या मातीत तो खडबडीत, वेडावाकडा होतो व त्याच्या अंगावर तंतुमुळांचे केस वाढतात. जांभ्याच्या खड्यावर आपटला की त्याला दोन पाय फुटतात. भातकापणीनंतरच्या रेताड शेतात मात्र तो सरळ उतरतो. म्हणून परसात वाफा करताना वीतभर खोल खणून खडे वेचावेत, आणि काळी माती असेल तर उंच वरंब्यावर बी टोचावे. शेणखत जुने, कुजलेले हवे. ताज्या शेणाने मुळा फाटे फोडतो, हे सांगूनही ताज्या शेणाचा मोह आपल्या लोकांना सुटत नाही!

मुळ्याचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये. त्याचे सोटमूळ एकदा दुखावले की ते पुन्हा सरळ होत नाही. बी जागच्या जागी, सेंटीमीटरभर खोल पेरावे. चार-पाच दिवसांत ते वर येते. पंधरवड्याने विरळणी करून दोन रोपांत चार बोटे अंतर राखावे. कोवळी रोपे उपटताना पुष्कळांचा हात अडखळतो, आणि दाटीत वाढलेल्या मुळ्यांची शेवटी नुसती पानेच हाती येतात. उपटलेल्या रोपांची भाजी उत्तम होते, त्यामुळे हळहळण्याचे कारण नाही.

पाणी थोडे पण नियमित द्यावे. न्हाणीचे पाणी वाफ्याकडे वळवण्याची जुनी रीत चांगली, मात्र साबणाचे पाणी तेथे जाऊ देऊ नये. उन्हात व कोरड्यात वाढलेला मुळा जिभेला झोंबतो. वाफ्यात फार दिवस राहिला तर आतून कापसासारखा पोकळ होतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा चेतकी’ हा वाण उष्णता सोसतो व चाळीस ते पन्नास दिवसांत तयार होतो. नोव्हेंबरच्या आरंभी पेरणी केली, तर नाताळच्या पंगतीला घरचा मुळा मिळेल. सगळे बी एकाच दिवशी मात्र पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एक ओळ पुरे.

बियाण्याचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाजारच्या पाकिटातील संकरित बियांची संतती आईबापांसारखी निघत नाही, आणि थंड प्रदेशातील छोट्या लाल मुळ्यांना आपल्या हवेत बी धरणे कठीण जाते. देशी वाणाचे तसे नाही. वाफ्यातील पाच-सहा सरळ मुळे न उपटता राखावेत. त्यांना पांढरी-जांभळट फुले येतात, मधमाश्या गोळा होतात, मग शेंगा धरतात. कोवळ्या शेंगा म्हणजे आपल्या डिंगऱ्या; बडोद्याकडे त्यांना मोगरी म्हणतात. सगळ्याच डिंगऱ्या भाजीत गेल्या तर बी उरणार नाही, याकडे घरच्या बाईने लक्ष ठेवावे. जवळच शेजाऱ्याचा दुसरा वाण फुलला असेल तर मधमाश्या दोहोंचा संकर करतील. तेव्हा वाडीतल्या सर्वांनी एकच वाण राखणे सोयीचे. मोहरीशेजारी असल्याने मात्र बिघडत नाही.

मोहरीची शेंग वाळली की फुटून दाणे उडवते. मुळ्याची शेंग तशी फुटत नाही. ती भेंडासारखी जाड असते. झाड पिवळे पडल्यावर कापून उन्हात वाळवावे, शेंगा गोणपाटावर पसरून लाटण्याने चेचाव्यात, आणि सुपात पाखडलेले तांबूस दाणे राखेत घोळून कोरड्या बरणीत भरावेत. अशा बरणीतील बी तीन-चार वर्षे उगवते.