गुरुवारची सुट्टी आणि जुलैतला समुद्र

आमच्या अण्णांनी चिंचवडच्या एका कंपनीत ३४ वर्षं काढली आणि समुद्र पाहिला तो रिटायर झाल्यावर चौदा वर्षांनी, गेल्या आठवड्यात. कारण काय, तर गुरुवार. आपल्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी, आम्हा पोरांच्या शाळेला रविवारी. मे महिन्यात रजा मिळाली की गावाकडची लग्नं. वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी हेच झालं असेल.

मेहुण्याच्या चाकणच्या कंपनीत शटडाऊन होता. दोन घरं मिळून दिवेआगरला निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, बोर्ली पंचतन. डिसेंबरात तीन हजारांना जाणारी खोली बाराशेत मिळाली.

पोरांना पापलेट हवं होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात सुकट आणि सोडे. पोरांनी तोंडं वाकडी केली, अण्णांनी दोनदा भात घेतला.

किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. टपऱ्यांवर निळं प्लास्टिक बांधलेलं, पाणी गढूळ, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. पोरगा पाण्याकडे पळाला तसा वाडीतला एक माणूस लांबूनच ओरडला, "घोट्याच्या वर नाही हां!" फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा तर पावसाळाही नव्हता. मी पोराचा हात धरला. अण्णा छत्री मिटून भिजत उभे राहिले, अर्धा तास. "किती मोठाय रे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी घरमालकीण काकूंना सहज विचारलं, वाडी एवढी उघडी कशी? म्हणाल्या, "दीडशे पोफळी होत्या दादा. निसर्गात अकरा राहिल्या."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच, दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आलं. त्या दिवशी आपल्या खेड-मावळातही पत्रे उडाले होते. मी त्या पत्र्यांची बातमी केली. कोकणातल्या वाड्या त्यात एका ओळीत होत्या. नंतर सरकारनं झाडामागे मदत जाहीर केली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. एकशे एकोणचाळीस पोफळींचा हिशोब करून बघा, सात हजारसुद्धा भरत नाहीत. आणि सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. काकूंनी दागिने गहाण टाकून दोन खोल्या काढल्या त्या यासाठी. "पेपरवाले तेव्हा आले होते," त्या म्हणाल्या. मी पेपरवाला आहे हे सांगायला मला रात्र झाली.

त्यांचा हिशोब सोपा आहे. दिवाळी, नाताळ आणि मेमध्ये खोल्या शनिवार-रविवारी भरतात. बाकीचं वर्ष, विशेषतः आठवड्यातले मधले वार, रिकामे. हप्ता मात्र दर महिन्याला.

निघताना अण्णांनी काकूंच्या हातावर ठरल्यापेक्षा पाचशे जास्त ठेवले. त्यांनी परत केले आणि वर सुपारीची पुरचुंडी दिली, नव्या झाडांची पहिलीच.

तेव्हा गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांनो, तुमच्या वाराला तिथे खोल्या रिकाम्या आहेत. आदल्या दिवशी फोन करून जा, घाटात दरड आहे का तेही विचारा. आणि पाण्यात घोट्याच्या वर नाही.