दादांची गुडगुडी

माझ्या दादांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, पितळी गुडगुडी आमच्या नेरच्या घरात अजून आहे. घरात आता कोणी ओढत नाही. ती मोडीत द्यावी की ठेवावी, यावर दरवर्षी ईदच्या साफसफाईत वाद होतो. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे, पण तंबाखूच्या प्रेमापोटी नाही.

ओढण्यापेक्षा तिची निगा राखण्यातच दादांचा जास्त वेळ जाई. सकाळी कालचे पाणी ओतून द्यायचे. तारेला चिंधी बांधून नळीतून फिरवायची, ती स्वच्छ निघेपर्यंत. पितळ चिंच आणि राखेने घासायचे. मातीच्या चिलमीच्या तळाशी खडा ठेवायचा, म्हणजे तंबाखू खाली पडत नाही आणि हवा खेळती राहते. गुळात कालवलेला तंबाखू हलक्या हाताने भरायचा. दाबला तर धूर ओढला जात नाही, सैल राहिला तर भसकन जळतो. विस्तव बाभळीचा. पऱ्हाटीचा निखारा पाहता पाहता राख होतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. एवढे सगळे करून चार-सहा झुरके, तेही दोघा-तिघांत.

साहेबांचा लाकडी पाइपही असेच लाड करून घेतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिचे लाकूड म्हणजे ब्रायर. ही गाठ उकळून महिनोन्‌महिने वाळवतात. ओढून झाले की राख काढायची, नळी पुसायची आणि पाइपला दिवसभर विश्रांती द्यायची. नाहीतर लाकूड ओल धरते आणि धूर कडवट लागतो. आतला काजळीचा पातळ थर लाकडाला जळण्यापासून वाचवतो, पण तो जाड झाला की खरवडावा लागतो, नाहीतर पाइप तडकतो. दादांना हे ऐकायला आवडले असते.

आपल्या दख्खनशी या शौकाचे नाते जुने आहे. अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो असद बेगने, विजापूरहून, आणि तेव्हाच तिथल्या हकिमाने विरोध केला. जहांगीरने १६१७ मध्ये बंदीही घातली, पण लोकांनी ऐकले नाही. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूत चांदी जडवून हुक्क्याची भांडी घडवली. लोक एका हुक्क्याभोवती बसत, म्हणूनच ‘हुक्का-पाणी बंद’ ही शिक्षा ठरली.

आता खरे तेही बोलू. पाण्यामुळे धूर थंड होतो, निर्मळ होत नाही. दादांचा शेवटचा हिवाळा खोकण्यात गेला. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही हदीस उलेमा तंबाखूच्या वासालाही लावतात. कोणी तंबाखूला मकरूह म्हणतात, कोणी सरळ हराम. त्यांच्याशी माझा वाद नाही.

पण गुडगुडी गेली म्हणून तंबाखू गेला नाही. नुसती त्याला लागणारी सबुरी गेली. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी आमच्या चौकात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. ना पाणी बदलायचे, ना विस्तवाची वाट पाहायची, ना कोणाला बोलवायचे. गालात एक गोळी विरते न विरते तोच दुसरी. दादांना दिवसातून दोनदा जमायचे, ते या पोरांना दिवसातून वीसदा जमते. पंचविशीतल्या मुलांची तीन बोटे तोंडात उभी जात नाहीत. वलीम्यात बिर्याणीचा घास लहान करून, तिखट टाळून खाणारी अशी मुले मी पाहतो.

हीच मुले रमजानमध्ये तेरा-चौदा तास खर्ऱ्याशिवाय काढतात. शेतात, दुकानात, उन्हातही. म्हणजे थांबणे त्यांना येते. इफ्तारच्या खजुरानंतर पहिला हात खिशाकडे जातो, त्या वेळी शेजारी बसलेल्या थोरल्याने एवढेच म्हणावे: बेटा, सकाळपासून थांबलास, आता इशापर्यंत थांब.