नाझरसाहेब

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेल्या माहुलीस जे यात्रेकरू विश्वेश्वराच्या दर्शनाला जातात, त्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष तिथल्या एका लहानशा समाधीकडे जाते. आणि ज्यांचे जाते, त्यांना ती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समजली जाते हे ऐकून प्रथम हसू येते. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचविणाऱ्या कुत्र्याला महाराजांनी जरीची वस्त्रे आणि अलंकार चढविले, त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि पालखीचा मान दिला, ही हकीकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे, आणि ती महाराजांची एक लहर म्हणूनच नमूद केली आहे. माझा जन्म कचेरीत गेल्यामुळे असेल, पण मला त्या सनदेत लहरीपेक्षा न्याय अधिक दिसतो. कारण चाकरी करणाऱ्यास त्याच्या चाकरीचा मोबदला मिळावा, हे कोणत्याही दौलतीच्या कारभाराचे पहिले सूत्र आहे. त्याच माहुलीच्या घाटावरून जो कुत्रा आमच्या घरी आला, त्याच्या पदरी अशी कोणतीही कामगिरी नव्हती आणि पुढे ती घडण्याचा संभवही नव्हता, कारण मर्दुमकीचे वय त्याने केव्हाच मागे टाकले होते.

दिवाणी न्यायालयातून मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, त्यानंतर एका आप्ताच्या दहाव्याच्या विधीसाठी आम्ही उभयता माहुलीस गेलो होतो. विधी आटोपून मंडळी पायऱ्या चढू लागली, तेव्हा घाटाच्या कडेला हा तांबूस-करडा, हाडे मोजून घ्यावीत असा, गोचिडांनी भरलेला कुत्रा कावळ्यांनी उष्टावलेल्या पिंडाचा उरलेला भात खात होता. तेवढ्यात घाटावरचे दुसरे एक तरणे कुत्रे गुरगुरत आले आणि याने, अर्धा भात पुढे असताना, शांतपणे मागे सरून त्याला जागा करून दिली. ते पाहून सौभाग्यवती थबकली. ‘‘अहो, याला घरी नेऊ या,’’ ती म्हणाली. दुसऱ्याच्या कब्जातील चीज उचलण्यापूर्वी मालकीची चौकशी करावी, या सवयीने मी विचारले, ‘‘अगं, पण याचा कोणी मालक असेल ना?’’ त्यावर तिने जे उत्तर दिले, त्याला प्रत्युत्तर देणे चांगल्या वकिलासही जमले नसते: ‘‘मालक असता, तर हा पिंडाचा भात खात बसला असता का?’’

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या झिजून सपाट झालेल्या दातांवरून आणि डोळ्यांतल्या निळसर झाकेवरून त्याचे वय नऊ-दहा वर्षांचे ठरविले. ती झाक म्हणजे मोतीबिंदू नव्हे, वयोमानाने डोळ्यातील भिंग घट्ट होते त्याचे ते लक्षण असून दृष्टी बऱ्याच अंशी शाबूत असते, असा खुलासाही त्यांनी केला. डाव्या कानाचे टोक त्रिकोणी कापलेले होते. भटक्या कुत्र्याची नसबंदी झाल्यावर करतात ती ही खूण, आणि कोणत्याही सरकारी कामकाजात त्याची झालेली बहुधा ही एकमेव नोंद. पण तो जन्माचा भटका नव्हता, हे आम्हांला लवकरच कळून आले. शेजारचा मुलगा बिस्किटाचा पुडा घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला, तोच याने कोणी न सांगता उजवा पंजा उचलून त्याच्या हातात दिला. हे शिक्षण रस्त्यावर मिळत नाही. कोण्या घरात, कोण्या मुलाने पुष्कळ वेळ खर्चून ते त्याला दिले असले पाहिजे. आणि पुढे त्याच घराने, बदलीमुळे म्हणा, कंटाळ्याने म्हणा की आजारपणाच्या खर्चाने म्हणा, त्याला वाऱ्यावर सोडले असले पाहिजे. पाळीव जनावरास उपासमार व्हावी अशा स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्याने दहा ते पन्नास रुपये दंड नेमला, आणि एवढ्या रकमेत कोणाची सदसद्विवेकबुद्धी जागी होईल अशी अपेक्षा कायदा करणाऱ्यांनीही बाळगली नसावी.

घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची, मग ती भाजीची पिशवी असो, पोस्टाचे पाकीट असो की गॅसचे सिलिंडर, नाक लावून पूर्ण तपासणी केल्याखेरीज तो ती आत जाऊ देत नसे. म्हणून त्याचे नाव मी, आमच्या न्यायालयातील जप्त मालाचा ताबा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून, नाझर असे ठेवले. शेजाऱ्यांनी त्याला ‘साहेब’ जोडले आणि तो हुद्दा त्याला शोभूनही दिसे. ज्या स्वयंपाकघरात अंड्याचे नावही काढण्याची आजवर कोणाची छाती नव्हती, त्या स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर नाझरसाहेबांकरिता स्वतंत्र शेगडी, स्वतंत्र पातेले आणि रोजचे एक उकडलेले अंडे अशी वहिवाट पडली. ‘औषध आहे ते,’ एवढ्या एका वाक्यात सौभाग्यवतीने धर्मशास्त्राचा प्रश्न निकालात काढला होता.

लहान पिल्लू वाढविण्यात जो आनंद असतो, तो आम्हांला मिळाला नाही. त्याने कोणाची चप्पल कुरतडली नाही, अंगणात चेंडूमागे धावून कोणाचे मनोरंजन केले नाही. त्याचा स्वभाव आमच्याकडे येण्यापूर्वीच पूर्ण घडलेला होता आणि आमच्या वाट्याला आले ते केवळ त्याचे वाचन. छत्री उघडण्यासाठी नुसती उचलली तरी तो अंग चोरी, यावरून त्याच्यावर काठी उगारली गेली होती हे समजे; भाकरीचा अर्धा तुकडा तो तुळशीवृंदावनामागच्या मातीत पुरून ठेवी, यावरून उद्याचा भरवसा नसलेले दिवस त्याने काढले होते हे समजे; आणि रस्त्याने एका विशिष्ट आवाजाची जीप गेली, की गाढ झोपेतूनही तो उठून फाटकापर्यंत जाई व ती दूर गेल्यावर तितक्याच सावकाशीने परत येई, यावरून जे समजे ते आम्ही एकमेकांपाशीही बोलून दाखवीत नसू. ज्या माणसांनी त्याला टाकले, त्यांची प्रतीक्षा त्याने कधी सोडली नाही. आणि तरीही आमच्याशी असलेल्या त्याच्या निष्ठेत तिळमात्र उणेपणा आला नाही. दोन घरांचे ऋण एकाच वेळी मान्य करण्याइतके मन मोठे असू शकते, हे मला पन्नास प्रकारच्या वाटणीच्या दाव्यांचे कागद हाताळूनही माहीत नव्हते.

पुढे त्याची मूत्रपिंडे थकली. तो पाणी फार पिऊ लागला, अन्नावरची वासना उडाली, अंग झडले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सौभाग्यवती त्वचेखाली सलाईन देण्यास शिकली आणि मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई टोचताना तो तिच्याकडे न पाहता, तिला संकोच वाटू नये अशा बेताने, तोंड दुसरीकडे वळवून बसे. दिवाळीतील फटाक्यांच्या धडाक्यात त्याने शेवटचे काही दिवस देवघराच्या कोपऱ्यात काढले आणि कार्तिक संपता संपता एका दुपारी, अंगणात ऊन खात असताना, तो गेला. परसात विहिरीपलीकडे आम्ही त्याला मूठमाती दिली. समाधी बांधली नाही. तो मान छत्रपतींच्या खंड्याचा.

पेन्शन घेऊन घरी बसलेल्या माझ्या समवयस्कांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. पिल्लांना घरे मिळतात. पिकल्या तोंडाच्या कुत्र्याला बहुधा कोणी विचारीत नाही. त्याची मागणी म्हणाल, तर दोन वेळचे साधे जेवण, वर्षाला एकदा रेबीजची लस आणि निजायला वाऱ्याआडचा एक कोपरा, याहून अधिक नाही. पिल्लू आपल्या पश्चात कोण सांभाळील ही जी रास्त धास्ती आपल्या वयाला असते, तिचाही येथे प्रश्न उद्भवत नाही. तेव्हा पाळायचाच झाला तर म्हातारा कुत्रा पाळावा, आणि तो बाजारात न शोधता घाटावर, स्थानकावर किंवा प्राण्यांच्या आश्रयस्थानात शोधावा.