काटकोनाची परीक्षा

गेल्या माघांत जुळे सोलापुरांत आमच्या धाकट्या चिरंजिवांच्या घराच्या पायाची आखणी चालली होती. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, पांढरी फक्कीही पडली. दुसऱ्या दिवशीं खोदाईस आरंभ व्हावयाचा. आम्ही सहज पाहावयास गेलों, तों पूर्वेकडील कोपरा आम्हांस किंचित् फांकलेला वाटला. गवंडी म्हणाला, "गुण्या लावून बघितलाय की, मास्तर." गुण्या खरा, परंतु त्याची भुजा हातभर, आणि भिंत व्हावयाची तीस फूट!

आम्ही फीत मागितली. कोपऱ्यापासून एका दोरीवर 6 फुटांवर व दुसरीवर 8 फुटांवर खूण केली. खुणांमधील अंतर नेमके 10 फूट भरावयास हवें. तें भरलें 10 फूट 2 इंच. "दोन इंचानं काय होतंय?" असें गवंड्याचें म्हणणें. हिशेब केला, तों कोन सुमारें 2 अंशांनीं मोठा. म्हणजे भिंतीचें दुसरें टोक फूटभर सरकून शेजाऱ्याच्या बाजूस मोकळी सोडावयाची जागा खाणार. खुंटी उपटून पुन्हां ठोकली. मग त्या भल्या माणसानें आपण होऊन आखणीचे दोन्ही कर्ण मोजले व ते सारखे भरल्यावरच विडी पेटविली.

परत येतांना मात्र आम्हांस एक जुनी गोष्ट टोंचूं लागली. काटकोन त्रिकोणांत कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हें आम्ही वर्षानुवर्षें शिकविलें. पण त्या दिवशीं आम्ही वापरला तो हा सिद्धांत नव्हे, त्याचा व्यत्यास. एका मुलानें वर्गांत विचारलें होतें, "गुरुजी, बाजूंचा मेळ बसला म्हणजे कोन काटकोनच, हें कशावरून?" "दिसतेंच आहे!" असें म्हणून आम्ही त्यास खालीं बसविलें. वास्तविक तर्कशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यास हें शोभणारें नव्हतें. जेथें धूर तेथें अग्नि खरा. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असूनही धूर नसतो. उलट विधानास स्वतंत्र प्रमाण लागतें.

आणि तें प्रमाण किती सोपें! ज्या त्रिकोणाच्या लहान बाजू 6 व 8 आणि मोठी 10, तो बाजूस ठेवा. दुसरीकडे 6 व 8 या बाजूंमध्यें खराखुरा काटकोन घालून नवा त्रिकोण काढा. मूळ सिद्धांतानें त्याचा कर्ण 10 येतो. आतां दोहोंच्या तिन्ही बाजू समान. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि पहिल्यांतील कोनही काटकोनच. युक्लिडानें पहिल्या पुस्तकांत सिद्धांत 47 वा ठेवला आणि व्यत्यास लगेच 48 वा, तो उगीच नव्हे. मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेहून अधिक भरला तर कोन विशाल, उणा भरला तर लघु. वर्ग मात्र सर्वांत मोठ्या बाजूचाच निराळा काढावा. मुलें येथेंच घसरतात.

आमच्या शुल्बसूत्रकारांचा तर सारा व्यवहार या उलट बाजूनें चाले. आपस्तंबाच्या महावेदीच्या रीतींत 36 पदांच्या अंतरावर दोन खुंट्या. दोरी 54 पदांची, 15 पदांवर खूण केलेली. टोकें खुंट्यांस बांधून खुणेशीं धरून दोरी बाजूस ताणली कीं 15, 36 आणि 39 यांचा त्रिकोण होतो, व 15 च्या खुंटीशीं काटकोन आपोआप उभा राहतो. गुण्या नाहीं, कोनमापक नाहीं. भास्कराचार्यांनीं 'लीलावती'मध्यें (इ. स. 1150) भुज, कोटि व कर्ण यांच्या गणितास आरंभ केला तोही 3, 4 आणि 5 यांनींच.

सूत्रकारांनीं या रीतीची उपपत्ति सांगितलेली नाहीं. पण त्यांस वर्गांत उभें राहून कोणी विचारलें नव्हतें. आम्हांस विचारलें होतें.