खारदांड्याच्या कोळीवाड्यांत

खार स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे तोंड केलें, कीं क्रमांकांनीं ओळखले जाणारे सरळ रस्ते लागतात. स्टेशन १९२४ सालचें. उंच इमारती, बँका व कापडाचीं दुकानें पाहत पायीं वीस-पंचवीस मिनिटें चाललें, म्हणजे रस्ता एकाएकीं अरुंद होतो, वाऱ्याला खारट वास येऊं लागतो, आणि आपण उपनगर सोडून गांवांत शिरलों हें कोणी सांगावें लागत नाहीं. हाच खारदांडा. दक्षिणेस वांद्र्याचा कार्टर रोड, उत्तरेस जुहू, आणि मध्यें हा कोळ्यांचा जुना गांव. कार्टर रोडवर हवा खावयास येणारी मंडळी इथवर क्वचित येतात. बांबूंच्या उंच चौकटींवर, ज्यांस कोळी लोक वलांडी म्हणतात, बोंबील वाळत असतात. त्यांचा दरवळ आमच्यासारख्या वरणभाताच्या घरांतून आलेल्यांना पहिलीं दहा मिनिटें फार जाणवतो. पुढें नाक आपला हट्ट सोडतें. निदान आमच्या नाकानें सोडला.

या किनाऱ्यावरील होड्या पूर्वीं शिडावर व वल्ह्यांवर चालत. होडीस तेल लागे तें लांकडाला चोपडण्यापुरतें. माशाच्या यकृताचें तेल लावून खाऱ्या पाण्यापासून लांकूड जपण्याची जुनी रीत होती. स्वातंत्र्योत्तर काळांत सरकारी साह्य मिळूं लागलें, होड्यांना हळूहळू डिझेल एंजिनें बसलीं, आणि कोळीवाड्यांत एंजिनदुरुस्तीचा नवा धंदा उभा राहिला. आज गल्लीच्या एका बाजूस जाळीं विणणारी आजीबाई आणि दुसऱ्या बाजूस पिस्टन घासणारा मिस्त्री, असें दृश्य येथें सहज दिसतें.

अशाच एका मिस्त्र्याशीं आमचा परिचय झाला तो एका स्नेह्यांच्या मोटारीमुळें. गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं ते आम्हांस आपल्या प्रीमियर पद्मिनींतून या बाजूस घेऊन आले होते. ही मोटार म्हणजे अस्सल मुंबईकरीण. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत मूळच्या इटालियन फियाटची ही आवृत्ति तयार होत असे. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें साऱ्या मुंबईस वाहून नेलें. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून तिची सेवा संपली. खाजगी मालकांनीं जपलेल्या कांहीं गाड्या मात्र अजून फिरतात. आमच्या स्नेह्यांनीं तर तिला बाहेरून आरशासारखी लखलखीत ठेवली होती.

गल्लींत समोरून मासळीचा टेंपो आला म्हणून गाडी थांबवावी लागली. एंजिन मंद होतांच तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकूं लागला. पाय दाबला कीं विझे, काढला कीं पुन्हां पेटे. “जुना दिवा आहे, तार सैल असेल,” असें म्हणून स्नेही पुढें निघणार, तोंच पलीकडे होडीचें एंजिन उघडून बसलेल्या मिस्त्र्यानें हात वर केला.

“काका, पहिली बंद करा गाडी. ऑइल कधी बदललंत?”

“अहो, अजून पांच हजार किलोमीटरसुद्धां पुरे झाले नाहींत!”

“किलोमीटर नाय विचारलं. तास किती चालली?”

या प्रश्नाला आमच्यापैकीं कोणापाशींच उत्तर नव्हतें. तीन दिवाळ्यांपूर्वीं तेल बदललें होतें, एवढें निघालें. स्नेही सेवानिवृत्त, गाडी निघे ती भाजी आणावयास, देवळांत जावयास, फार तर दादरपर्यंत. तीन वर्षांत चार हजारांच्या आसपास किलोमीटर. त्यांचा हिशेब कंजुषीचा नव्हता. कमी चालली, म्हणजे कमी झिजली, अशी त्यांची सरळ समजूत होती. आणि ती पुष्कळांची असते.

मिस्त्र्यानें तेल मोजण्याची पट्टी काढली. पातळी पुरेपूर होती, आणि त्यामुळेंच स्नेही निर्धास्त होते. मिस्त्र्यानें पट्टी नाकाशीं नेली व मग आमच्यापुढें धरली. तिला पेट्रोलचा वास येत होता! जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडींत थंड एंजिन चोक ओढून सुरू करावें लागतें. त्या वेळीं न जळलेलें पेट्रोल पिस्टनच्या कडेनें खालीं झिरपतें. एंजिन चांगलें तापून तासभर चाललें, तर तें उडून जातें. भाजीबाजारापर्यंतच्या फेरींत तें उडत नाहीं, तेलांतच राहतें. जेवढें तेल जळून कमी होई तेवढें पेट्रोल येऊन मिळे, आणि पट्टीवरची रेघ जागची हलत नसे. तेल ओतण्याच्या झांकणाच्या आंतून लोण्यासारखा पिवळट थर निघाला. तें पाणी. थंड एंजिनांत दंव धरावें तसें तें धरतें व तेलाशीं घुसळलें जातें. रेडिएटरचें पाणीहि मिस्त्र्यानें पाहिलें. त्यांत तेलाचा अंश नव्हता, म्हणजे गॅस्केट शाबूत होतें.

मग चेंबरचा नट सुटला. प्रथम काळें तेल पाण्यासारखें पातळ वाहिलें, आणि चेंबर खालीं उतरविला तेव्हां त्याच्या तळाशीं काजळीचा गाळ दिसला. तेल ज्या जाळींतून वर ओढलें जातें तिचीं निम्मीं भोंकें बुजलीं होतीं. बेअरिंग व क्रँक यांमध्यें तेलाचा एक पातळ पडदा असतो, त्यावरच सारें फिरतें. तो तुटला कीं धातूवर धातु घासतो. पद्मिनीचे सुटे भाग आतां जुन्या सामानाच्या बाजारांत धुंडाळावे लागतात, म्हणजे बहुधा पुन्हां कुर्ल्यासच जावें लागतें.

कडक औषध घालून एंजिन एकदम धुवावें, अशी सूचना स्नेह्यांनीं केली. मिस्त्र्यानें ती मानली नाहीं. कित्येक वर्षांचा गाळ एकदम सुटला तर तोच नळ्यांत जाऊन अडकतो, असें त्याचें म्हणणें. त्यानें जाळी साफ केली, नवा फिल्टर व २०-डब्ल्यू-४० जातीचें साधें तेल आणवून घातलें, आणि तीनशें किलोमीटरनंतर तेंहि काढून टाकावयास सांगितलें. संध्याकाळीं दिवा विझलेला राहिला. तथापि पाली हिलच्या चढावर गाडी आतां खालच्या आवाजांत टकटकते. तो आवाज तेल बदलून गेला नाहीं.

जुन्या गाडीस तीन ते पांच हजार किलोमीटर अथवा सहा महिने, यांपैकीं जें आधीं येईल तें, असा रूढ नियम आहे. लोक त्यांतला पहिला आंकडा लक्षांत ठेवतात आणि दुसरा विसरतात. आम्ही घरीं येऊन मिस्त्र्याच्या तासांचा हिशेब मांडून पाहिला. मोकळ्या रस्त्यावर ताशीं पन्नासच्या वेगानें पांच हजार किलोमीटर जावयास शंभर तास लागतात. तेंच अंतर शहरांतल्या गर्दींत ताशीं पंधराच्या वेगानें कापावयाचें, तर तीनशें तेहतीस तास. शिवाय सिग्नलपाशीं उभ्या गाडीचें चाक फिरत नाहीं, म्हणून आंकडाहि फिरत नाहीं. एंजिन मात्र फिरतच असतें. मुंबईच्या माणसानें मैलांचा हिशेब ठेवणें म्हणजे उंबऱ्यांत उभ्या पाहुण्याची भूक त्यानें चाललेल्या पावलांवरून ठरविण्यासारखें आहे.

कोळ्यांना ही चूक परवडत नाहीं. मिस्त्र्याच्या दुकानांत भिंतीवरच्या कॅलेंडरावर होड्यांचे तास पेन्सिलीनें मांडलेले होते. शेजारीं बसलेल्या एका वृद्ध तांडेलास आम्ही विचारलें, इतकी काटेकोर नोंद कशासाठीं? तो म्हणाला, “तुमची गाडी बंद पडली तर चार पोरं ढकलतील. दर्यांत ढकलायला कोन येनार?” वाऱ्याचा जोर असतां खडकाळ किनाऱ्याजवळ एंजिन बंद पडणें म्हणजे काय, हें त्याला समजावून सांगण्याची गरज वाटली नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

निघालेलें काळें तेल मिस्त्र्यानें डब्यांत भरून झांकण लावलें. पूर्वीं असलें तेल सर्रास गटारांत ओतीत, व गटार खाडीस मिळे; आतां भंगारवाला तें विकत नेतो. सगळेच असें करतात असें नाहीं, पण मासळीवर ज्याचें घर चालतें त्याला तवंगाचा अर्थ लवकर कळतो.

महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासे त्या दिवसांत अंडीं घालतात, आणि पावसाळी समुद्रहि खवळलेला असतो. खारदांडा पाहावयाचा तर आमच्या मतें याच दिवसांत. होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखालीं ठेवलेल्या, जाळीं अंगणांत पसरलेलीं, आणि जागोजाग एंजिनें उघडून त्यांतलें जुनें तेल, मग तें कितीहि तास चाललेलें असो, बाहेर काढलेलें. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तीं पुन्हां बसवितात. छत्री घेऊन जावें, आणि मोटार शक्य तर स्टेशनापाशींच ठेवावी. गल्ली अरुंद आहे.