ठिबकणारा समुद्र

खाऱ्या पाण्याची टाकी गळायला लागली, की पाण्याआधी मीठ दिसतं. तळाच्या सांध्यापाशी एक पांढरी कड उमटते. सकाळी ओल्या फडक्याने पुसावी, तर संध्याकाळी पुन्हा हजर, जुन्या भिंतीला लोणा फुटावा तशी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी पंख्याच्या वाऱ्यावर उडून जातं आणि क्षार काचेवर राहतात. गोड्या पाण्याची टाकी असा निरोप देत नाही. त्या पांढऱ्या कडेविषयी मला खरोखर कृतज्ञता वाटते, कारण तिने आम्हाला अख्खी दुपार दिली.

सगळ्यांना अशी दुपार मिळत नाही. 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातली उंच, गोल टाकी फुटली. तिच्यात दहा लाख लिटर खारं पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. पाणी दारं-खिडक्या तोडून थेट रस्त्यावर गेलं. मोठ्या टाकीतले जवळजवळ सगळे मासे मेले. इमारतीतल्या इतर टाक्यांमधले मासे मात्र लोकांनी धावपळ करून दुसरीकडे हलवले. वीज गेली होती, बाहेर बर्फाळ थंडी होती, आणि त्या काळोख्या इमारतीत माणसं मासे वाचवत होती. मला त्या बातमीतलं हेच जास्त आठवतं.

आमची टाकी मुंबईतल्या घराच्या हॉलमधली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एवढ्या मापात काठोकाठ अडीचशे लिटर पाणी मावतं, आणि खारं पाणी लिटरमागे किलोपेक्षा पंचवीसेक ग्रॅम जडच. असं वजन जागेवरून हलवता येत नाही. रिकामंच करावं लागतं. आधी पाणी उपसायचं. पातळी खाली आली की तळाच्या सांध्यावरचा दाब उतरतो आणि धार थेंबावर येते. उपसलेला प्रत्येक लिटर मात्र जपायचा, आणि तोही ज्या भांड्याला कधी साबण लागलेला नाही अशाच भांड्यात.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, तुमच्या छताला ओल आली का?"

"छताचं मग बघू. यांना ठेवणार कशात, ते सांग," त्या म्हणाल्या, आणि घासूनपुसून लख्ख केलेला तांब्याचा हंडा घेऊन आल्या. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं आणलं होतं त्यांनी. पण तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी आणि तारामासा जगत नाहीत. हे सांगितल्यावर त्या तशाच खाली गेल्या आणि पिण्याच्या पाण्याचं प्लास्टिकचं पिंप रिकामं करून घेऊन आल्या.

गळती घाई करायला लावते, आणि आतल्या जिवांना घाई सोसत नाही. त्या दुपारभर आमचे हात या दोन गोष्टींच्या मध्ये होते.

पहिल्यांदा दगड काढले. मासे सोडून दगड आधी का, असं कुणालाही वाटेल. एक तर दगड असेपर्यंत मासा हाती लागत नाही. दुसरं कारण मोठं आहे. टाकीचा प्राण पाण्यापेक्षा त्या सच्छिद्र दगडांत जास्त असतो. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. समुद्राचं पाणी अल्कधर्मी, म्हणून तो तिथे अधिकच जहाल. दगडांवर वसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. ही वस्ती जमायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि दगड कोरडे पडले तर ती मरते. म्हणून एकेक दगड उचलायचा, पाण्यातच हलकेच विसळायचा आणि लगेच पिंपात बुडवायचा. मी तेव्हा दगड उचलत नव्हते, आमच्या टाकीचं सगळं वय उचलत होते. एका दगडाखालची वाळू ढवळली गेली आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला. तळाच्या, प्राणवायू न पोचलेल्या थराचा तो वास. ती वाळू आम्ही ठेवली नाही.

दगड गेल्यावर वीतभर पाण्यात दोन क्लाऊनफिश उघडे पडले. मोठी ती मादी. या जातीत मादी गेली तर जोडीचा नरच पुढे मादी होतो. जाळी वापरली नाही. जाळीच्या धाग्यांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि तोच त्याचं कवच. पारदर्शक डबा आडवा धरून हाताने हळूहळू तिकडे वळवलं. तारामासाही डब्यातच, पाण्याखालून. त्याला हवेत उचलायचं नाही. प्रवाळ आमच्याकडे नव्हतेच. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते समुद्रातच असावेत असं माझंही मत आहे.

तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा असलेली कोळंबी सगळ्यात नाजूक. पाण्याचा खारेपणा एकदम बदलला तर तिला सोसत नाही. तिच्या भांड्यात पिंपातलं पाणी बारीक नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडलं. खाली एक सांधा ठिबकत होता, वर आम्ही मुद्दाम ठिबकवत होतो.

पंप एकच होता. दुसऱ्या बादलीत बहिणीने मगने पाणी उंचावरून ओतायला सुरुवात केली, हवा मिसळावी म्हणून. अ‍ॅना थिन या बाईंनी 1846 मध्ये इंग्लंडच्या टॉर्कीहून प्रवाळ लंडनला आणले, ते याच युक्तीवर जगले. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. समुद्र घरात जगवण्याच्या इतिहासात त्या मोलकरणीचा मान मोठा आहे असं मी मानते.

टाकी आता गॅलरीत आहे. आतलं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडलं, कारण जुन्यावर नवं नीट धरत नाही. नवं भरलं ते बुरशीनाशक नसलेलं. व्हिनेगरचा वास पार जाईपर्यंत थांबलो, मग नळाचं पाणी भरून खाली वर्तमानपत्र अंथरलं. पिंपातल्या पाण्याचा अमोनिया रोज तपासते आहे. काल तिथे कोळंबीची अख्खी, मिशांसकट, पारदर्शक कात तरंगताना दिसली आणि काळजात धस्स झालं. कोळंबी मागच्या दगडाखाली होती, मऊ अंगाने दडून बसलेली. क्लाऊनफिश खायला लागले आहेत.

वर्तमानपत्र आतापर्यंत कोरडं आहे. बाजूच्या बादलीत नवं मीठ विरघळतंय, पण पाणी अजून गढूळ दिसतं. ते नितळ झाल्याशिवाय टाकी भरायची नाही, असं ठरलं आहे. म्हणजे उद्या नाही, परवा बघू.