नकलेची नक्कल

कॅसेटवरून कॅसेट भरली की गाणे थोडे मळते. नकलेची नक्कल केली की खरखर आणखी वाढते. गाणी विकणाऱ्या कंपन्यांना ही खरखरच राखणदार होती. १९८२ साली सीडी आली आणि आवाज आकड्यांत बसला. सेकंदाला ४४,१०० नमुने. आकड्यांची नक्कल मळत नाही. १९८७ साली घरच्या घरी तशी नक्कल करणारे डॅट यंत्र आले, तेव्हा कंपन्या धास्तावल्या. तोड निघाली ती अशी : तारेतून आवाजाबरोबर एक खूणही पाठवायची. मुळावरून नक्कल निघेल, नकलेवरून निघणार नाही. अमेरिकेने १९९२ साली तसा कायदाच केला.

गायकाच्या पोटावर पाय येऊ नये, हे कोण नाकारील? पण खुणेला माणूस ओळखता येत नाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या, काही मराठी, काही कानडी, मी माइक लावून मिनिडिस्कवर घेतल्या होत्या. ताईसाठी नक्कल निघाली. पुढे माझी मूळ तबकडी बिघडली. ताईच्या नकलेवरून भाचीसाठी दुसरी काढू गेलो, तर यंत्र अडले. ओव्या आमच्या, आवाज आमच्या आईचा आणि परवानगी यंत्राची! शेवटी साध्या तारेने, जुन्या कॅसेटच्या रीतीने उतरवून घेतल्या.

आईला या ओव्या आजीकडून आल्या, आजीला पणजीकडून. त्या वाटेवर नकलेची नक्कल कोणी अडवली असती, तर आमच्या पदरात काय पडले असते?